ऊन आमचं, वाटा कुठं?

हेक्टरी किमान सव्वा लाख रुपये. म्हणजे एकराला पन्नास हजार, दरवर्षी, आणि त्यावर वर्षाला तीन टक्के वाढ. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सोलर प्रकल्पाला जमीन भाड्यानं दिली की शेतकऱ्याला मिळणारा हा आकडा. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यात कोणीही हा आकडा ऐकला की पहिल्यांदा सोयाबीनचा हिशोब मांडतो, आणि मांडायलाच हवा. एकरी सहा क्विंटल पिकलं असं धरू. कोरडवाहू वावरात तेही चांगलंच म्हणायचं. २०२४-२५ चा हमीभाव होता ४,८९२ रुपये. सगळा माल हमीभावानं गेला तरी हातात एकोणतीस हजार. त्यातून बियाणं, खत, फवारणी, डवरणी, सोंगणी, मळणी वजा करा. आणि त्या हंगामात बाजार समितीत सोयाबीन हमीभावाच्या खालीच विकलं गेलं, हे तालुक्यातल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

म्हणून आधीच सांगतो, धोरण वाईट नाही. धोरण चांगलं आहे, पण अर्ध्यावर थांबलेलं आहे. त्यानं कंपनीचं भलं पंचवीस वर्षांसाठी बांधून ठेवलं, सरकारी तिजोरीचा भार कमी करण्याची सोय केली, सातबाऱ्यावर नाव असलेल्याला भाडं दिलं. गावाला मात्र तीन वर्षांत वाटेला लावलं.

चांगलं काय आहे, ते नीट समजून घेऊ. कारण सोलरला आंधळा विरोध करणारेही आपल्याकडे कमी नाहीत.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला थ्री फेज लाईन आळीपाळीनं मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं ते नेमकं डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत. रात्री लाईन आली की घरातला माणूस उठतो, बॅटरी घेतो आणि वावरात जातो. दांडातून पाणी फुटलं तर चिखलात उतरावं लागतं. धुऱ्यावर साप असतो, पिकात रानडुक्कर असतं, रोह्यांचा कळप कुठून येईल सांगता येत नाही. मोटरच्या पेटीला ओला हात लावावा लागतो. मध्येच डीपी जळाली तर पुढचे आठ-दहा दिवस ओलीत बंद, आणि डीपी बसवायला वर्गणी आपली. रातच्या ओलितानं किती जीव घेतले, किती बाया रात्रभर दाराकडं डोळे लावून बसल्या, याची नोंद कुठल्याही आर्थिक पाहणी अहवालात नाही. एखाद्या धोरणानं ही एक गोष्ट जरी बदलली, ओलीत दिवसा झालं, तरी ते धोरण मी डोक्यावर घेईन.

सौर कृषी वाहिनी नेमकी हेच करायला निघाली. विचार साधा आहे. गावाला वीज देणाऱ्या उपकेंद्राच्या जवळच काही एकरांवर सोलर पॅनेल लावायचे आणि त्यातून शेतीच्या फीडरला थेट दिवसा वीज द्यायची. २०१७ मध्ये योजना आली तेव्हा सुरुवातीला राळेगणसिद्धी आणि आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी ही गावं निवडली होती. मग काही वर्षं गाडी रेंगाळली. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा जाहीर झाला, मार्च २०२४ मध्ये सुमारे नऊ हजार मेगावॅटची कामं कंपन्यांना दिली गेली, आणि आता लक्ष्य आहे सोळा हजार मेगावॅटचं. दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प सप्टेंबर २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात सुरू झाला.

यात सरकारचं काय सुटतं? खूप काही. दूरच्या औष्णिक केंद्रातून तारांवरून शेतापर्यंत येणारी वीज महावितरणला युनिटमागे सात-आठ रुपयांच्या घरात पडते. सोलरची वीज निविदेत तीन रुपयांच्या आसपास मिळाली. शेतकऱ्याकडून या विजेचे पूर्ण पैसे कधीच घेतले जात नव्हते, आणि एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीजबिल माफच आहे. तो फरक कुठून निघतो? एक भाग सरकारी तिजोरीतून, आणि दुसरा कारखान्यांच्या बिलातून. उद्योगांवर क्रॉस सबसिडीचं ओझं टाकलं जातं, म्हणून महाराष्ट्रातली औद्योगिक वीज महाग. म्हणून छत्तीसगडची, मध्य प्रदेशची वीज दाखवून उद्योजक विदर्भातून पाय काढायला बघतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना २०१६ पासून वीजदरात वेगळी सवलत द्यावी लागली, ती याच कारणानं.

शेतीची वीज आठ रुपयांवरून तीन रुपयांवर आली की हे ओझं उतरायला सुरुवात होते. याचा आपल्याशी थेट संबंध आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठेला पीएम मित्र टेक्स्टाइल पार्क येतोय. त्याचं भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये वर्ध्याच्या कार्यक्रमात झालं. कापूस आपला, पार्क आपल्या जिल्ह्यात. सूत आणि कापड इथं बनणार की नाही, हे विजेच्या दरावर ठरणार आहे. स्वस्त सौर वीज आणि जिल्ह्यातल्या पोरांची नोकरी यांचा असा सरळ धागा आहे. हे धोरणकर्त्यांना दिसलं, त्याबद्दल त्यांचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

आणखी एक फायदा आहे, तो अमरावतीकरांनी तरी विसरू नये. पाणी. त्याच नांदगाव पेठेला १,३५० मेगावॅटचं कोळशावरचं वीज केंद्र उभं राहिलं, तेव्हा त्याला अप्पर वर्धा धरणातलं पाणी देण्यावरून हा जिल्हा पेटला होता. वर्षाला ८७.६ दशलक्ष घनमीटर पाणी ओलिताचं विजेकडं वळणार होतं, आणि तेही सिंचनाच्या अनुशेषानं आधीच होरपळलेल्या जिल्ह्यात. मोर्चे निघाले, प्रकरण हायकोर्टात गेलं. पॅनेलला धुण्यापुरतं पाणी लागतं. ज्या भागात एकेका दलघमीसाठी भांडावं लागतं, तिथं ही बाब लहान नाही.

इथपर्यंत सगळं ठीक. आता वाट्याचं बोलू.

पाच मेगावॅटचा एक प्रकल्प घ्या. त्याला वीस-पंचवीस एकर जागा लागते. आपल्याकडच्या उन्हात एक मेगावॅटमधून वर्षाला साधारण सोळा लाख युनिट निघतात. पाच मेगावॅटचे झाले ऐंशी लाख. तीन रुपये दरानं वर्षाची विक्री दोन कोटी चाळीस लाख. करार पंचवीस वर्षांचा, म्हणजे एकूण साठ कोटी. पॅनेल जुने होतात तसं उत्पादन थोडं घटतं, तेवढं कमी धरा. ज्या गावात हा प्रकल्प उभा राहतो त्या ग्रामपंचायतीला योजनेत काय मिळतं? वर्षाला पाच लाख, फक्त तीन वर्षं. एकूण पंधरा लाख.

साठ कोटींत पंधरा लाख. शंभर रुपयांत चार आणे.

मला ठाऊक आहे, साठ कोटी म्हणजे काही नफा नव्हे. मेगावॅटमागे साडेतीन-चार कोटी भांडवल लागतं, बँकेचं व्याज असतं, देखभाल असते. कंपनीनं धंदा करावा, नफा कमवावा, त्यात गैर काही नाही. पण पंचवीस वर्षं गावाच्या शिवारावर पडणाऱ्या उन्हाची वीज विकायची आणि गावाचं देणं तीन वर्षांत संपवायचं, हा हिशोब मला मान्य नाही. चौथ्या वर्षी त्या गावातलं ऊन कमी होतं काय? चौथ्या वर्षी ग्रामपंचायतीची नळयोजना, शाळेचं छप्पर, पांदण रस्ता यांची गरज संपते काय?

आणि गावाला कायमचा वाटा द्यायचा म्हटलं की धोरण आखणाऱ्यांनी ते अशक्य आहे असं म्हणू नये. आपल्याच देशात ते झालेलं आहे. २०१५ च्या खाण कायद्यातल्या दुरुस्तीनं प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. चंद्रपूर असो की यवतमाळ, कोळसा निघत राहतो तोवर खाणवाल्याला स्वामित्वधनाच्या हिशोबानं ठराविक हिस्सा जिल्ह्याला द्यावा लागतो. केंद्राच्या २००८ च्या जलविद्युत धोरणात धरणग्रस्त भागाच्या विकासासाठी एक टक्का वीज वेगळी काढायची तरतूद आहे. जमिनीखालच्या कोळशावर गावाचा हक्क आहे, नदीच्या पाण्यावर आहे. मग उन्हावर का नाही?

माझी मागणी अगदी किरकोळ आहे. युनिटमागे सहा पैसे. तीन रुपयांतले सहा पैसे म्हणजे दोन टक्के. पाच मेगावॅटच्या प्रकल्पात ग्रामपंचायतीला वर्षाला चार लाख ऐंशी हजार मिळतील, आणि ते पंचवीस वर्षं मिळत राहतील. पंधरा लाखांचे सव्वा कोटीच्या जवळ जातील. सात-आठ रुपयांची वीज तीन रुपयांवर आणणाऱ्या सरकारला हे सहा पैसे जड नाहीत. निविदा काढतानाच अट घातली असती तर कंपन्यांनी ती दरात बसवली असती. पुढच्या निविदांत घाला.

आता जमिनीचं. वऱ्हाडात ज्याला आपण ई-क्लास म्हणतो ती गुरचराईची सरकारी जमीन. योजनेत सरकारी जमीन कंपनीला वर्षाला एक रुपया नाममात्र भाड्यानं देता येते. कागदावर ती पडीक दिसते. प्रत्यक्षात तिथं गावातल्या भूमिहीनाची शेळी चरते, गायकी गुरं घेऊन जातो, बाया जळणाच्या काड्या आणतात. त्यांच्या नावावर सातबारा नाही, म्हणून त्यांना भाडं नाही, मोबदला नाही, नोटीससुद्धा नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०११ मध्ये गावाच्या सामाईक जमिनी वाचवा असं बजावलं, आणि त्याच वर्षी १२ जुलैला राज्यानं गायरानं जपण्याचा शासन निर्णय काढला. सार्वजनिक कामाची पळवाट त्यात आहे, आणि सोलर हे सार्वजनिक कामच आहे, मी ते नाकारत नाही. पण सार्वजनिक कामासाठी जमीन द्यायची तर पर्यायी चराईची जागा आधी ठरली पाहिजे, नंतर नाही. खासगी जमिनीला एकरी पन्नास हजार आणि ई-क्लासला एक रुपया, हा फरक कोणाच्या खिशातून भरला जातो? ज्याच्याकडं दोन शेळ्या आणि रिकामे हात एवढंच आहे, त्याच्या.

या तालुक्याला हा अनुभव नवा नाही. समृद्धी महामार्ग आपल्या शिवारातून गेला. जमीनमालकांना चांगला मोबदला मिळाला, हे खरं. पण त्याच रस्त्यात मंगरूळ चव्हाळ्याच्या प्रश्नचिन्ह आश्रमशाळेचं बांधकाम गेलं. फासेपारध्यांच्या पोरांसाठी मतीन भोसले यांनी जिवाचं रान करून उभी केलेली ती शाळा. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण झाला आणि गाड्या धावू लागल्या. मालकाला पैसे मिळतात, बिनमालकाचं नुकसान मोजलंच जात नाही, ही रीत सोलरच्या बाबतीत तरी मोडू द्या.

आणि मजूर? वीस एकरांतलं निंदण, सोंगणी, कापसाची वेचाई बंद झाली की त्या कामावर जगणाऱ्या बायांनी कुठं जायचं? मक्त्यानं वावर कसणाऱ्यानं कुठं जायचं? प्रकल्प उभा राहताना चार-सहा महिने काम असतं. नंतर राहतात चौकीदार, गवत कापणारे आणि पॅनेल धुणारे. ही कामं तरी गावातल्याच माणसांना, आणि निम्मी बायांना, असं करारात लिहून घ्यावं. तालुक्याच्या आयटीआयमधून सोलर दुरुस्ती शिकलेली पोरं निघावीत. कारण दुरुस्ती हे या धंद्यातलं खरं दुखणं आहे. ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ योजनेत दहा टक्के पैसे भरून, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्के भरून, सौरपंप मिळतो. पाच वर्षांची दुरुस्ती कंपनीकडं. योजना मोलाची आहे. पण मे महिन्याच्या वादळात पॅनेल उडाल्यावर किंवा ऐन हरभऱ्यात कंट्रोलर बंद पडल्यावर तक्रारीचा फोन लागतो दूरच्या शहरात, आणि माणूस यायला आठवडे लागतात. पीक आठवडाभर थांबत नाही. दर तालुक्याला एक दुरुस्ती केंद्र आणि ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर कंपनीला दंड, एवढं करून दाखवा.

खरा प्रश्न मात्र मालकीचा आहे. गावानं नेहमी भाडेकरार करणारंच का राहायचं, वीज विकणारं का होऊ नये?

पीएम-कुसुम योजनेच्या ‘अ’ घटकात २०१९ पासून ही वाट उघडी आहे. अर्ध्या मेगावॅटपासून दोन मेगावॅटपर्यंतचा प्रकल्प शेतकरी, शेतकऱ्यांचा गट, सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपनी, ग्रामपंचायत, कोणीही उभारू शकतं. उभारत का नाहीत? कारण मेगावॅटमागे चार कोटी आणायचे कुठून! बँक तारण मागते, आणि वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचा सातबारा आधीच पीककर्जात अडकलेला. इथं राज्याच्या धोरणाची गरज आहे. कर्जाला सरकारनं हमी द्यावी, भागभांडवलात वाटा उचलावा.

हे काही स्वप्नरंजन नाही. १९५० मध्ये प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना चालू केला. पुढं राज्यानं अशा कारखान्यांच्या भागभांडवलात पैसा घातला, हमी दिली, आणि पश्चिम महाराष्ट्राच्या गावांतून पैसा खेळला. तेच सोलरसाठी करा. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात २०१६ मध्ये मूठभर शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली. गरजेपुरतं ओलीत केलं आणि उरलेली वीज वीज कंपनीला विकली. डेन्मार्कच्या कोपनहेगनजवळ समुद्रात २००१ पासून मिडलग्रुंडेनच्या वीस पवनचक्क्या फिरू लागल्या, तेव्हा त्यांची निम्मी मालकी साडेआठ हजार सभासदांच्या सहकारी संस्थेकडं होती. साधी नोकरदार माणसं ती.

वऱ्हाडात सहकार म्हटलं की बंद पडलेली सूतगिरणी डोळ्यांपुढं येते, हे मला कळतं. तो राग खरा आहे. पण सूतगिरणीत कापूस खरेदी होती, भरती होती, सूत विक्री होती. प्रत्येक ठिकाणी खायला जागा. सोलर संस्थेत कच्चा माल विकत घ्यायचा नाही, गिऱ्हाईक एकच, दर पंचवीस वर्षं ठरलेला, आणि युनिट मीटरवर मोजलेलं. सोलरच्या सहकारात लुटायला जागा फार कमी आहे.

दिवसाची वीज नुसती ओलितापुरती नाही, हेही लक्षात घ्या. सौरपंप वर्षातले कित्येक महिने उभाच असतो. त्याला योग्य कंट्रोलर बसवला तर त्याच पॅनेलवर पिठाची चक्की चालते, कडबाकुट्टी चालते. आपली तूर पोत्यानं अकोल्याच्या दाल मिलला जाते आणि डाळ होऊन चढ्या भावानं किराणा दुकानात परत येते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं गावपातळीसाठी पीकेव्ही मिनी दाल मिल कधीच तयार करून दिली आहे. बचत गटाच्या बायांनी ती चालवायची तर दिवसा, भरवशाची, स्वस्त वीज हवी. ज्यांच्या नावानं हे विद्यापीठ आहे ते भाऊसाहेब याच तालुक्यातल्या पापळचे. १८९८ मध्ये तिथं जन्मले आणि १९५२ पासून दहा वर्षं देशाचे कृषिमंत्री होते. पापळच्या तुरीची डाळ पापळच्या उन्हावर पापळमध्येच व्हावी, इतकी साधी गोष्ट राज्याच्या ऊर्जा धोरणात बसली पाहिजे. आर्थिक वाढ म्हणतात ती गावात तरी अशीच दिसते.

तर सरपंचांना, उपसरपंचांना, आणि ग्रामसभेला जायचा कंटाळा करणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. तुमच्या गावात सोलर प्रकल्प येतोय असं कळलं की त्याला विरोध करू नका आणि डोळे मिटून ठरावही देऊ नका. आधी ग्रामसभा बोलवा. पंचवीस वर्षांचा युनिटमागे वाटा मागा. ई-क्लास जाणार असेल तर चराईची दुसरी जागा नकाशावर दाखवायला लावा. गावातल्या किती माणसांना आणि किती बायांना काम, ते आकड्यात लिहून घ्या. शेतकरी गट असेल तर कुसुममधून स्वतःचा प्रकल्प टाकण्यासाठी सरकारी हमीची मागणी त्याच ठरावात घाला, आणि ठरावाची प्रत महाऊर्जा या सरकारी संस्थेला, महावितरणला, आपल्या आमदाराला पोचवा. करारावर एकदा सही झाली की पुढची पंचवीस वर्षं त्यात काही बदलता येत नाही.

ग्रामसभा २६ जानेवारीला असते, १ मेला असते, १५ ऑगस्टला असते, २ ऑक्टोबरला असते. पुढच्या सभेला जा, आणि ठराव मांडा.